इंजिन चोरटी हवा ओढतंय की पेट्रोल कमी पडतंय?

बॉशच्या एल-जेट्रॉनिक या पेट्रोल इंजेक्शन प्रणालीची जुनी गाडी मिसिंग करू लागली, प्लग काढले आणि सगळे पांढरेफटक निघाले, की मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे एवढं कळतं. ते लीन का आहे, हे प्लग सांगत नाहीत. कुठून तरी जादा हवा शिरत असेल किंवा पेट्रोलचा दाब कमी पडत असेल. दोन्हींत आयडलिंग डळमळू शकतं, थ्रॉटल देताच इंजिन अडखळतं, इनटेकमधून फट्ट आवाज येतो. त्यामुळे महागडा पंप बदलूनही गाडी होती तशीच राहते. (इग्निशन आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स आधी तपासून झाले आहेत, असं इथे धरलं आहे.)

खरा फरक लोडवर दिसतो. १९७३-७४ च्या सुमारास आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये एअर-फ्लो मीटरचा फ्लॅप जेवढी हवा मोजतो, तेवढ्याच हिशोबाने पेट्रोल सुटतं. मीटर आणि इंजिन यांच्यामधल्या फटीतून शिरलेली हवा त्या हिशोबातच नसते. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून ही चोरटी हवा तिथे सर्वांत जास्त छळते. थ्रॉटल उघडला की तिचा वाटा नगण्य होतो आणि गाडी बऱ्यापैकी पळते. चोंदलेल्या फिल्टरचं किंवा थकलेल्या पंपाचं नेमकं उलट: आयडलिंगपुरतं पेट्रोल मिळतं, पण चढावर पूर्ण थ्रॉटल दिला की दाब कोसळतो आणि गाडी झटके खाते. पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटरच बिघडून दाब सगळीकडे कमी असेल, तर मात्र ही खूण फसवते.

आणखी एक फसवी चाचणी आहे. रेग्युलेटरला इनटेकशी जोडणारी व्हॅक्यूम होज (नळी) काढून तिचं तोंड बंद केलं की आयडलिंगचा दाब साधारण अर्धा बार वाढतो. इंजिन लगेच सुधारलं, तर अनेक जण दाबाला दोषी ठरवून मोकळे होतात. पण जादा पेट्रोल मिळाल्यावर हवेच्या गळतीचं इंजिनही तसंच सुधारतं! यातून लीन असल्याची खात्री पटते, बाकी काही नाही.

हवेसाठी पहिली परीक्षा फुकटची आहे. आयडलिंगला ऑइल फिलरचं झाकण उघडा. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातल्या वाफा बाहेर काढणारी नळी) इनटेकला जोडलेला असतो, त्यामुळे निरोगी इंजिन लगेच गडबडतं, बंदही पडतं. काहीच फरक पडला नाही, तर आधीच मोठी गळती आहे असं समजा. मग मीटर आणि थ्रॉटलमधला रबरी बूट काढून हातात वाकवून बघा. त्याच्या घड्यांच्या तळाशी पडलेली चीर जागेवर दिसत नाही. त्यानंतर इंजेक्टरच्या सील, ब्रेक बूस्टरची होज आणि डिपस्टिकचं सील. होज एकेक करून चिमटून पाहा. तापलेल्या एक्झॉस्टजवळ ज्वालाग्राही स्प्रे मारू नका. कमी दाबाने धूर सोडून पाहणं कितीतरी सुरक्षित.

दाबासाठी गेज लावावाच लागतो, अंदाज चालत नाही. रेग्युलेटरची होज काढलेली असताना बहुतेक एल-जेट्रॉनिकमध्ये २.५ बार (काहींत ३), होज जोडून आयडलिंगला सुमारे २. गेज दिसेल असा बांधून लोडवर गाडी चालवा. तिथे काटा घसरला तर आधी फिल्टर बदला, मग पंपाला मिळणारे व्होल्ट मोजा. गंजलेल्या कनेक्टरमुळे चांगला पंपही दुबळा वाटतो. दोन्ही ठीक असूनही दाब टिकत नसेल, तरच पंप.

बॉशच्याच आधीच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीला हे तर्कशास्त्र जसंच्या तसं लावू नका. ती मॅनिफोल्डचा दाब मोजते, म्हणून गळती झाली की पेट्रोलही वाढवते आणि आयडलिंग चढतं.

कारण सापडेपर्यंत मीटरच्या स्प्रिंगच्या दातेरी चाकाला हात लावू नये. गळती तशीच ठेवून ते फिरवलं की आयडलिंग सुधारतं, पण बाकी सगळीकडे मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. आधीच कुणी फिरवलेलं असेल, तर गळती बुजवल्यावर गाडी काळा धूर सोडेल. तेव्हा चाक मूळ खुणेवर आणा, आयडल स्क्रूने आरपीएम लावा आणि मग मिक्स्चर गॅस अॅनालायझरवर जुळवा.