बोट आखडतं ते शिरेमुळे नाही

आपल्या इंदूरात साठी उलटलेल्या माणसाची करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वाकायला लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "शीर आखडली असेल, तेल लावून चोळा." मग महानारायण तेल येतं, सियागंजातून गुग्गुळ येतो, निर्गुंडीचा लेप होतो, आणि आता तर मोबाईलवर व्हिडिओ येतात की अमुक काढा घ्या, ऑपरेशनची गरजच नाही. मला याची खरंच काळजी वाटते, कारण आत काय चाललंय ते कुणी सांगतच नाही.

याला ड्युपुट्रेन कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. पॅरिसच्या ड्युपुट्रेन नावाच्या सर्जनने 1831 मध्ये ऑपरेशन करून दाखवलं की दोष शिरेत नाही, टेंडनमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरखंडात) पण नाही, तळव्याच्या कातडीखाली जो चिवट पांढरा पडदा असतो त्यात आहे.

आता खरी गंमत. या पडद्यात फायब्रोब्लास्ट पेशी असतात, त्यांचं काम कोलॅजेन, म्हणजे पडद्याला चिवटपणा देणारं धाग्यांसारखं प्रोटीन, बनवणं. कुठे जखम झाली की त्यातल्या काही मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे त्यांच्यात स्नायूसारखे ॲक्टिनचे धागे तयार होतात, त्या जखमेच्या कडा जवळ ओढतात आणि काम झालं की मरून जातात. तळव्यावर जी कडक गाठ हाताला लागते ती याच पेशींची, हे 1972 मध्ये गब्बियानी आणि मायनो यांनी मांडलं, फक्त इथे त्या काम संपवून जात नाहीत. पेशी जराशी ओढते, तेवढ्या जागेत नवं कोलॅजेन घालून ती पक्की करते, मग पुन्हा ओढते, विहिरीतून पोहरा काढताना दोर हात-हात करून घेतात ना, तसं. आणि त्याहून वाईट म्हणजे टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन आजूबाजूच्या जाळीत बंद अवस्थेत साठलेलं असतं, पेशींना त्या जाळीशी जोडणाऱ्या इंटेग्रिन नावाच्या प्रोटीनने ताण दिला की ते उघडतं आणि शेजारच्या फायब्रोब्लास्टला पण मायोफायब्रोब्लास्ट व्हायला लावतं. म्हणजे ताणातून अजून ओढणाऱ्या पेशी!

तेलाने कातडी मऊ होते, बरं वाटतं, ते खोटं नाही. पण तळव्याची कातडी जाड, तेल आत पडदा आखडून झालेल्या दोरीपर्यंत पोचत नाही आणि पोचलं तरी कोलॅजेन विरघळवत नाही. हळदीतलं करक्युमिन काचेच्या डिशमधल्या पेशींना शांत करतं, पण तोंडाने घेतलं तर रक्तात अगदी थोडं जातं. बोट सरळ झाल्याचा भक्कम पुरावा कुठल्याच जडीबुटीचा नाही. आणि "आयुर्वेदिक आहे, नुकसान नाही" हे तर अजिबात मानू नका, 2004 मध्ये बोस्टनच्या दुकानांतल्या 70 आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

घरीच बघायचं तर हात टेबलावर पालथा ठेवा. तळवा आणि बोटं सपाट टेकत नसतील तर हाताच्या सर्जनला दाखवा. नुसती गाठ असेल आणि बोट सरळ असेल तर बहुतेक वेळा लक्ष ठेवणं पुरतं. बोटाच्या मुळाचा सांधा 30 अंशाच्या आसपास वाकला की सुईने दोरी तोडायचा किंवा पडदा काढायचा विचार होतो, पण मधला सांधा वाकत असेल तर थांबू नका, तो एकदा आखडला की ऑपरेशननंतर पण पूर्ण सरळ होणं कठीण जातं. परत वाकू शकतं हे पण आधीच विचारून घ्या. डायबेटिस असलेल्यांनी तर हात अधूनमधून बघतच राहावेत, त्यांच्यात हे जास्त दिसतं. बोट अडकून खट्कन सुटत असेल तर तो ट्रिगर फिंगर, त्याचा इलाज वेगळा.