धुराची खतावणी

हवेच्या प्रदूषणाचे आकडे दोन जातींचे असतात आणि बोलताना त्यांची हमखास गल्लत होते. हवेत काय आहे, हे सांगणारा आकडा यंत्र मोजतं. हवेत कोणी काय सोडलं, हे सांगणारा आकडा मात्र बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. तो कागदावर गणित मांडून काढतात. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, दर तीन वर्षांनी देशभराची ‘राष्ट्रीय उत्सर्जन सूची’ काढते. कारखाने, वाहनं, घरगुती शेगड्या, वणवे, कोणाकडून किती टन काय बाहेर पडलं याची ती खतावणी. ही वही मोठी होत गेली, ती बहुतेकदा कुठला तरी हिशेब चुकल्याचं उघड झाल्यावर.

अशा हिशेबाचं मूळ ब्रिटनमधल्या सोड्याच्या कारखान्यांपर्यंत मागे नेता येतं. मिठापासून धुण्याचा सोडा करताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा आणि आसपासची झाडं-पिकं जळायची. १८६३च्या अल्कली कायद्याने सांगितलं, या वायूचा ९५ टक्के भाग कारखान्यातच अडवा. आता ९५ टक्के म्हणायचे तर एकूण तयार किती झाला आणि सुटला किती, दोन्ही माहीत हवं. रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ त्यासाठी मुख्य निरीक्षक झाला. एक वायू आणि एकच धंदा असल्यामुळे ते जमून गेलं.

लॉस एंजेलिसमध्ये ते जमलं नाही. जुलै १९४३मध्ये शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं उतरलं. युद्धाचे दिवस, त्यामुळे काहींना हा जपानी विषारी वायूचा हल्ला वाटला. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद झाला. धुरकं होतं तिथेच. उत्तर मिळायला पुढची काही वर्षं गेली आणि ते दिलं अननसाच्या वासाचं रसायन शोधणाऱ्या माणसाने. कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी दाखवलं, की न जळलेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. म्हणजे झोंबणारा वायू कोणत्याच धुराड्यातून निघत नव्हता. दोषी शोधायचा तर मोटारी, तेलशुद्धीकरण कारखाने, पेट्रोलच्या टाक्या, सगळ्यांचीच यादी करावी लागणार होती.

यादी करायची कशी? प्रत्येक धुराड्यावर माणूस बसवणं शक्य नव्हतं. १९६८मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने एक संकलन प्रसिद्ध केलं; ‘एपी-४२’ या क्रमांकानेच ते आजही ओळखलं जातं. त्यात आहेत उत्सर्जन गुणक: अमुक टन कच्चा माल वापरला, तर तमुक पौंड प्रदूषक. दगडी कोळशाच्या भुकटीवर चालणारी भट्टी घ्या. कोळशात गंधक जितके टक्के, त्याला ३८ने गुणा. टनामागे तितके पौंड सल्फर डायऑक्साइड. अमेरिकी टन २००० पौंडांचा, त्यात १ टक्का गंधक म्हणजे २० पौंड, आणि सगळं जळलं तर वायू व्हायला हवा ४० पौंड. ते दोन पौंड कुठे गेले? त्यांच्यातलं गंधक मुख्यतः राखेत राहतं. गंधकाचा हिशेब असा सरळ, जे आत गेलं ते बहुतेक बाहेर येतं. नायट्रोजन ऑक्साइडचं तसं नाही. ते ज्योतीच्या तापमानावर आणि भट्टीच्या घडणीवर ठरतं. वाफ होऊन उडणाऱ्या सेंद्रिय रसायनांचं तर विचारूच नका, ती झडपेच्या सांध्यातूनही गळतात. एपी-४२ प्रत्येक गुणकाला ‘ए’ ते ‘ई’ अशी विश्वासार्हतेची श्रेणी देतं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो, पण तेच गुणक वापरून काढलेली बेरीज पुढे छापली जाते तेव्हा त्या श्रेणी कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

१९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने हवेचे राष्ट्रीय मापदंड ठरवायला आणि ते गाठण्यासाठी राज्यांना आराखडे करायला लावलं. आराखड्यांसाठी आकडे हवे होते आणि ७०च्या दशकातच राष्ट्रीय पातळीवर ते संगणकात जमा होऊ लागले. युरोपात हीच गरज आम्लवर्षेमुळे आली. १९८५च्या हेलसिंकी करारात देशांनी गंधकाचं उत्सर्जन १९८०च्या पातळीपेक्षा ३० टक्क्यांनी खाली आणायचं कबूल केलं. आधी १९८०चा आकडा सर्वांना मान्य होईल असा काढणं आलं.

विषारी रसायनांची वेगळी वही सुरू झाली त्यामागे भोपाळ आहे. डिसेंबर १९८४मध्ये तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. त्याच कंपनीचा वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावातला कारखानाही हेच रसायन बनवत होता आणि ऑगस्ट १९८५मध्ये तिथेही दुसऱ्या एका विषारी रसायनाची गळती झाली. आपल्या शेजारी काय साठवलंय, काय सोडलं जातंय, हे लोकांना कळलं पाहिजे, ही मागणी टाळणं मग कठीण झालं. १९८६च्या कायद्याने कारखान्यांना ते दरवर्षी जाहीर करायला लावलं.

खरोखरचं मोजमाप आलं ते पैशाच्या वाटेने. स्वच्छ हवा कायद्याच्या १९९०च्या दुरुस्तीने वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडचे परवाने आपसांत विकायची मुभा दिली. ज्याचा बाजार होणार त्याचं वजन अंदाजाने करून चालत नाही, म्हणून धुराड्यांमध्ये अखंड मोजणारी यंत्रं बसली.

बाकी ठिकाणी गणितच राहिलं आणि ते फसतही राहिलं. २०००मध्ये ह्यूस्टनच्या आकाशात शास्त्रज्ञांनी विमानं फिरवली, तेव्हा रसायन कारखान्यांवरच्या हवेत एथिलीन आणि प्रोपिलीन हे ओझोनला हातभार लावणारे सेंद्रिय वायू नोंदींवरून अपेक्षित होते त्याच्या अनेक पट सापडले. २०१५मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरंच वागतात, हे बाहेर आलं. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत गेलं होतं. एपी-४२चे गुणक एकट्या कारखान्याच्या परवान्याची मर्यादा ठरवण्यासाठी नाहीत, अशी आठवण ईपीएला नोव्हेंबर २०२०मध्ये पुन्हा करून द्यावी लागली.

तीन वर्षांचं चक्रही त्याच सुमारास नेमकं २०२०वर येऊन ठेपलं: २०११, २०१४, २०१७ आणि मग टाळेबंदीचं वर्ष. रस्ते ओस पडलेल्या वसंत ऋतूसह त्या वर्षाचा हिशेब मार्च २०२३मध्ये प्रसिद्ध झाला.