जांघेत गाठ, मूळ पाठीत

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये आमुन देवाचा नेस्परेहान नावाचा पुजारी होता. ग्राफ्टन इलियट स्मिथ आणि मार्क आर्मांड रफर यांनी त्याच्या ममीचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. मणके खचून पाठीला कुबड आलेले आणि सोअस स्नायूत पुवाचे मोठे गळू. असेच रुग्ण आजही आपल्याकडच्या अस्थिरोग विभागात येतात.

सोअस कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि ओटीपोटाच्या मागून उतरून मांडीच्या हाडाला चिकटतो. मांडी पोटाकडे उचलण्याचे काम त्याचे. मणक्यात क्षयाने पू झाला की पन्हळीतून पाणी उतरावे तसा तो या स्नायूच्या आवरणातून खाली येतो आणि जांघेत फुगवटा दिसतो. अवधाण आले असे घरच्यांना वाटते, क्वचित हर्निया म्हणूनही त्याकडे पाहिले जाते. पाठ मात्र तपासायची राहून जाते. या आजाराचा बराचसा इतिहास या एका फसगतीचा आहे.

सुश्रुतसंहितेत शरीराच्या आतल्या विद्रधींच्या, म्हणजे गळवांच्या, जागा सांगितल्या आहेत, त्यात वंक्षण म्हणजे जांघही आहे. तिथे विद्रधी झाला की कंबर आणि पाठ जखडते, असे लक्षण दिले आहे. तो सोअसचाच विद्रधी होता असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण जांघेतल्या दुखण्याच्या वेळी पाठीकडे गेलेली ती नजर मला फार मोलाची वाटते.

लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कुबड आणि पायांतला लुळेपणा यांचा संबंध मांडला. मणक्याच्या क्षयाला त्यांचे नाव मिळाले, तरी त्या काळी असे गळू फोडायला शल्यचिकित्सक घाबरत. कारण खरे होते. क्षयाचे गळू थंड असते, त्याला लाली किंवा चटका नसतो आणि रुग्ण ते महिनोन्‌महिने अंगावर काढतो. चिरा दिला की बाहेरचे जंतू आत शिरत, ताप चढे आणि रुग्ण खंगून दगावे. १८६७ पासून जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जंतू मारण्याची पद्धत रूढ केल्यावर ही भीती कमी होत गेली.

मग पाच-सहा वर्षांत बरेच काही उलगडले. १८८१ मध्ये मिन्टर यांनी सोअसच्या तीव्र दाहाचे वर्णन केले. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर ऑगस्टन यांनी पुवात स्टॅफिलोकोकस हा पू करणारा जंतू ओळखला, १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८५ मध्ये जपानमध्ये स्क्रिबा यांनी स्नायूंतल्या अशा गळवांची नोंद केली. एकाच स्नायूत दोन अगदी वेगळे आजार होतात, हे यातून स्पष्ट झाले. एक मणक्यातून हळूहळू उतरणारा, दुसरा थोड्या दिवसांत थंडी-ताप आणणारा. अपेंडिक्स, आतडे किंवा मूत्रपिंडातूनही पू तिथे पोचतो.

क्षयावरच्या औषधांपैकी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले. सरसकट मोठी शस्त्रक्रिया करायची की फक्त औषधांवर राहायचे, असा वाद बराच काळ चालला. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मधल्या मार्गाचे निष्कर्ष मांडले: आधी औषधे आणि विश्रांती, शस्त्रक्रिया गरज पडली तरच. साधनांच्या टंचाईतही पाळता येईल अशी ही शिस्त होती, आणि तिच्या मोठेपणाची आपल्याकडे पुरेशी कदर झालेली नाही, असे मला वाटते.

निदानातली खरी अडचण मात्र खोलीची होती. इतका आतला स्नायू हाताला लागत नाही. रुग्ण गुडघा दुमडून, मांडी पोटाशी घेऊन पडतो. पाय सरळ केला की कळ येते. खुब्याच्या सांध्यातच पू झाला असेल तर सांधा कुठेही हलवला तरी दुखतो, सोअसच्या गळवात मांडी दुमडलेली ठेवली तर तो बराच मोकळा फिरतो. लंगडणाऱ्या, तापलेल्या मुलाला तपासताना हा फरक आजही उपयोगी पडतो. पुढे १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि १९८४ पर्यंत स्कॅनवर पाहत नळी घालून या गळवाचा निचरा केल्याचे अहवाल येऊ लागले. आता सोनोग्राफीवर पाहूनही ते होते, आणि मणक्यांसाठी एमआरआय काढतात.

निघालेला पू दोन बाटल्यांत जातो. एक नेहमीच्या जंतूंच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, दुसरी क्षयाच्या तपासणीसाठी. जीन एक्स्पर्ट ही जनुकांवरून क्षयाचा जंतू ओळखणारी चाचणी काही तासांत उत्तर देते, क्षयाच्या कल्चरला काही आठवडे लागतात.