प्री फिक्स आणि टेस्टिंग मेन्यू : भाव दोन्हीकडे ठरलेला, मग भानगड कुठे होते

गेल्या महिन्यात ताई-जिजाजींच्या लग्नाला २५ वर्षं झाली, म्हणून आमच्या इंदूरच्या विजयनगरकडच्या एका चकाचक बारमध्ये टेबल बुक केलं. फोनवरच्या मुलाने विचारलं, सर प्री फिक्स की टेस्टिंग? मी ठोकून दिलं, अहो एकच ना ते, जे बरं असेल ते लावा. त्याने टेस्टिंग लावलं. साडेआठला बसलो आणि पावणेदहापर्यंत पोटात काय गेलं, तर चमचाभर मक्याचं सूप, बोटाएवढं बीट आणि एक पाणीपुरी. एक! इंदूरच्या माणसाला एक पाणीपुरी देणं म्हणजे चिडवणंच झालं की. जिजाजी काही बोलले नाहीत पण तीनदा किचनच्या दाराकडे बघितलं त्यांनी, आणि मग मला कोपराने ढोसून हळूच विचारलं, अरे जेवण कधी आहे?

तर चूक माझी होती, त्या मुलाची नाही, आणि म्हणून हे लिहितोय.

प्री फिक्स म्हणजे फ्रेंचमध्ये ठरलेला भाव, बस. (स्पेलिंग बघून प्रिक्स फिक्से म्हणू नका, मी म्हणालो होतो.) साधारण तीन कोर्स असतात, स्टार्टर, मेन आणि डेझर्ट, प्रत्येकात दोन-तीन पर्याय, त्यातला एकेक तुम्ही निवडायचा आणि तिन्ही कोर्सचे मिळून एकच पैसे. प्लेट पूर्ण असते, पोट भरतं, दीड-दोन तासात मोकळे. टेबलावर चार जण असतील तर चौघांनी वेगवेगळं मागवलं तरी चालतं. फ्रान्समध्ये तर गंमत अशी की तिथे मेन्यू म्हणजे हा ठरलेल्या भावाचा संचच, आपण ज्याला मेन्यू कार्ड म्हणतो ती तिकडची कार्त, आ ला कार्त, म्हणजे कार्डावरून हवं ते एकेक मागवणं, त्याच्यावरूनच आलं. दुपारी त्याचं छोटं रूपही मिळतं, फॉर्म्युल म्हणतात, स्टार्टर आणि मेन किंवा मेन आणि डेझर्ट, तिसरं सोडून द्यायचं. आणि हो, तिकडे आंत्रे म्हणजे स्टार्टर पण अमेरिकेत तोच शब्द मेन डिशला वापरतात, त्यामुळे कार्डावर तो दिसला तर विचारून घ्या, लाजू नका.

मला विचाराल तर प्री फिक्स ही आपल्या खानावळीतल्या राइस प्लेटची सुटाबुटातली बहीण आहे. भाव पाटीवर लिहिलेला, भाजी सुकी हवी की रश्श्याची तेवढं तुम्ही सांगायचं, बाकी ठरलेलं.

टेस्टिंग मेन्यूचा भावही ठरलेलाच असतो, घोळ इथेच होतो. पण तिथे तुम्ही काही निवडत नाही, शेफ निवडतो. फ्रेंचमध्ये देग्युस्तासियों, म्हणजे चाखणं, आणि नावातच सगळं आलं, चाखायचं, जेवायचं नाही. सात, नऊ, अकरा असे छोटे छोटे कोर्स एकामागून एक येत राहतात. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये जड सॉस आणि भरगच्च ताटं मागे पडून किचनमध्येच सजवलेल्या छोट्या प्लेटा आल्या, जपानच्या काइसेकी, म्हणजे क्रमाने छोटे छोटे पदार्थ येणाऱ्या जेवणाचाही त्यावर असर होता, तिथून हे सगळं वाढत गेलं. स्पेनमधलं एल बुली नावाचं रेस्टॉरंट तर तीसच्या वर कोर्स द्यायचं, ते २०११ ला बंद झालं. आपल्याकडे मुंबईचं मास्क रेस्टॉरंट २०१६ पासून हेच करतंय, आणि चेन्नईच्या ग्रँड चोळा हॉटेलमधल्या अवर्तना रेस्टॉरंटमध्ये कोर्सच्या आकड्यावरून वेगवेगळे मेन्यू ठेवलेत, सातपासून तेरापर्यंत.

बायको म्हणाली ही तर पंगतच आहे, आणि मला ते एकदम पटलं. बघा ना, काय वाढायचं ते यजमान ठरवणार, क्रम ठरलेला, आधी मीठ-लिंबू-चटणी मग वरणभात मग पुढचं, सगळ्यांना तेच, सगळे एकदम सुरू करणार आणि मधूनच कोणी उठायचं नाही. टेस्टिंगमध्येही बहुतेक ठिकाणी अख्ख्या टेबलाने तेच घ्यायचं असा नियम असतो, कारण किचन एकेक कोर्स एकदम काढतं आणि एकाचं वेगळं असेल तर बाकीचे प्लेटीकडे बघत बसतील. फरक एकच, आणि आमच्या आईच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा, आग्रह नाही. जिलबी अजून एक घ्या हो, असं म्हणायला कोणी येत नाही, आणि तुम्ही मागितली तरी मिळत नाही.

आता कॉकटेल, कारण खरा खिसा तिथे रिकामा होतो. प्री फिक्समध्ये कधी एक वेलकम ड्रिंक भावात धरलेलं असतं, कधी नसतं. टेस्टिंगबरोबर पेअरिंग म्हणून वेगळी गोष्ट विकतात, म्हणजे कोर्सप्रमाणे एकेक ड्रिंक, माप छोटं, आणि पैसे जेवणाच्या भावात नाहीत तर वर. आम्ही समजलो की फिक्स म्हटलं म्हणजे सगळं फिक्स. बिल आल्यावर दोन मिनिटं टेबलावर फक्त एसीचा आवाज होता.

जेवणाआधी काय प्यावं यावरही ताईने मजा केली, तिने पिन्या कोलाडा मागवलं, रम, अननस आणि नारळाचं क्रीम. छान लागतं, वाद नाही, पण जेवणाआधी ते म्हणजे सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, सगळ्यात आधी शिकंजी पिण्यासारखं आहे. (बाहेरच्यांसाठी : आमची शिकंजी लिंबाची नाही, रबडीसारखी दाट, सुकामेवा घातलेली, ग्लासभर प्यायलात की रात्रीचं जेवण संपलं.) तिसऱ्या कोर्सला ताईचं पोट भरलं होतं, जिजाजींचं रिकामं होतं, मग ताईच्या प्लेटा पण तिकडे सरकल्या, तेवढाच हिशोब बसला. जेवणाआधी कडवट, कोरडं घ्यायचं असतं, भूक चाळवणारं, निग्रोनी घ्या, जिन, कांपारी (कडवट लिकर) आणि गोड व्हर्मूथ (मसाले घातलेली वाइन) तिन्ही समान भाग, किंवा साधी मार्टिनी. गोड, क्रीमवालं शेवटी.

भाच्याला वीस वर्षं पूर्ण आहेत आणि मध्यप्रदेशात वय २१ लागतं, म्हणून त्याने बिनदारूची पेअरिंग घेतली, बायकोनेही. त्यात कोकम आणि कढीपत्त्याचं एक काहीतरी आलं, ते आमच्या सगळ्यांच्या ड्रिंक्सपेक्षा चांगलं होतं हे मी इथे कबूल करतो.

बिलात अजून एक. जेवणावर जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के, आणि खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलात १८. दारू मात्र जीएसटीत येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. म्हणून कार्डावरचा ठरलेला भाव आणि हातात आलेला कागद यांची गाठ पडत नाही, ते दोन वेगळे हिशोब एकाखाली एक लिहिलेले असतात. सर्व्हिस चार्ज परस्पर लावता येत नाही, २०२२ मध्ये तशा सूचना निघाल्यात आणि दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. आमच्या बिलात तो होता, नम्रपणे सांगितल्यावर काढला.

टेस्टिंग वाईट असतं असं अजिबात नाही हं. आठव्या कोर्सला कोळशावर भाजलेलं गराडू (आमच्याकडचा एक कंद) आलं, वर जीरावन मसाल्याची चिमूट आणि खाली आंबट दह्याचा फेस, आणि जिजाजी पहिल्यांदा गप्प झाले ते चांगल्या अर्थाने. अशी गोष्ट मी कार्डावरून कधीच मागवली नसती, बटाट्याची बहीण म्हणून सोडून दिली असती. पण त्यासाठी तीन तास हवेत, दुपारी हलकं खाल्लेलं हवं आणि सोबतची माणसं बोलकी हवीत. लहान मुलं, म्हातारी माणसं, कोणाला मशरूम नको कोणाला कांदा-लसूण नको, अशी मंडळी असतील तर सरळ प्री फिक्स.

पुढच्या महिन्यात आईचा पंच्याहत्तरावा आहे. आज फोन केला तेव्हा मीच आधी विचारलं, निवड आमची की शेफची, कोर्स किती, ड्रिंक आत की बाहेर, टॅक्स धरून की सोडून. तो म्हणाला प्री फिक्स आहे सर, तीन कोर्स, ड्रिंकचं मॅनेजरला विचारून सांगतो. मागून आई ओरडली, त्याला विचार, पोळी गरम देतात का.