वैयक्तिक व्यायाम-प्रशिक्षण : पहिल्या सत्रात आम्ही काय करतो आणि का

आमच्याकडे नाव नोंदवून पहिल्या दिवशी येणाऱ्या बहुतेकांची अशी समजूत असते की, तासाभरात कपडे घामाने चिंब झाले आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकले, म्हणजे पैसे वसूल झाले. ही समजूत घेऊन आलेल्यांची थोडी निराशा होण्याचा संभव आहे. पहिले सत्र 60 मिनिटांचे असते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ आपले प्रशिक्षक आपल्यासमोर वही उघडून बसलेले असतात. प्रत्यक्ष व्यायाम पंधरा-वीस मिनिटांचाच होतो.

ही पद्धत आम्ही एका चुकीतून शिकलो. केंद्र सुरू केले त्या वर्षी पन्नाशीच्या एका शिक्षिका आल्या होत्या. ‘मला सगळे जमते’ असे त्या म्हणाल्या, एवढ्यावर विसंबून आम्ही पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून शंभर बैठका काढून घेतल्या. त्या हसतमुखाने घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, तेव्हा त्या जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उलट्या पावली पायऱ्या उतरत होत्या. सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे व्यायामानंतर साधारण 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक जाणवते, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्यांना सांगितले नव्हते आणि मुळात इतके दुखेल एवढे करून घेण्याचे काही कारणही नव्हते. त्या पुन्हा आल्या नाहीत.

म्हणून आता आधी बोलणे होते. व्यायामापूर्वी विचारण्यासाठी कॅनडात तयार झालेली ‘पार-क्यू’ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते. आमचा मराठी तक्ता त्याच धर्तीवर आहे. हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, रक्तदाब, सांध्यांची दुखणी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे यांविषयी त्यात विचारले जाते, आणि स्त्रियांना गर्भधारणा व प्रसूतीविषयीही. ‘बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी काही नाही’ हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. परंतु त्या एका गोळीवर पुष्कळ काही अवलंबून असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुद्दाम आटोक्यात ठेवतात, त्यामुळे व्यक्ती खरोखर दमलेली असली तरी मनगटावरच्या घड्याळातील आकडा कमीच दिसतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाच्या वेळी, कधी कधी त्यानंतर काही तासांनीही, एकाएकी खाली येऊ शकते. गोळीचे नाव आठवत नसेल, तर पाकीटच सोबत आणावे. चतुर्थी किंवा एकादशीचा उपवास असेल, तर तेही सांगावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, आम्ही त्या दिवशीचा व्यायाम हलका करतो किंवा दिवस बदलून देतो.

त्यानंतर रक्तदाब मोजला जातो. त्यापूर्वी पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे लागते, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी घेतलेली नसावी. लागोपाठच्या दोन मोजण्यांत आकडा 160/100 किंवा त्याहून अधिक आला, तर आमच्या नियमानुसार त्या दिवशी व्यायाम होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर उरलेले सत्र वेगळे शुल्क न घेता पूर्ण केले जाते. कमरेचा घेर मोजतो, कारण भारतीयांच्या बाबतीत पुरुषांमध्ये 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही मधुमेह व हृदयविकाराच्या वाढत्या धोक्याची खूण मानली जाते. वजनकाट्यावर उभे राहण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

आता आपली हालचाल. हा भाग आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे, आणि त्यासाठी एकही यंत्र लागत नाही. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून 30 सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते, हे आम्ही मोजतो. मग उकिडवे बसायला सांगतो. लहानपणी सहज जमणारी ही बैठक चाळिशीनंतर कित्येकांना जमत नाही. कोणाच्या टाचा उचलल्या जातात, कोणाचे गुडघे आत झुकतात, तर कोणी उठताना नकळत मांडीवर हात टेकवतो. जमिनीवर मांडी घालून बसून पुन्हा उठताना प्रथम कोणता हात आधाराला जातो, हेसुद्धा आमच्या वहीत लिहिले जाते, कारण पुढच्या दोन महिन्यांचा आराखडा या बारीकसारीक नोंदींवरूनच ठरतो. भिंतीला पाठ लावून हात वर नेणे आणि एका पायावर उभे राहणे, एवढ्यावर ही पाहणी संपते.

शेवटी थोडा व्यायाम होतो, आणि तो जेवढा सहज जमतो त्याहून जरा कमीच दिला जातो. मोजमाप साधे आहे : व्यायाम करताना आपल्याला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले की आम्ही थांबवतो. छातीवर दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ अथवा चक्कर जाणवली, तर ‘एवढे संपवू आणि मग सांगू’ असे न करता तत्क्षणी सांगावे. व्यायाम करताना शरीराची ठेवण सुधारण्यासाठी हात लावायचा असल्यास प्रशिक्षक आधी विचारतील. आपण नाही म्हणालात, तर ते स्वतः करून दाखवतील. स्त्री-प्रशिक्षक हवी असल्यास नोंदणीच्या वेळीच सांगावे.

महिन्याला अमुक किलो वजन उतरवून देण्याची हमी आम्ही देत नाही आणि प्रथिनांची पावडर विकत नाही. दुखण्याचे निदान हे डॉक्टरांचे किंवा फिजिओथेरपिस्टचे काम आहे, तेव्हा गुडघा कशाने दुखतो असे विचारल्यास आम्ही त्यांच्याकडेच पाठवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांचा फोन येईल. थोडे अंग आखडणे स्वाभाविक आहे; मात्र असह्य वेदना, सूज किंवा काळ्या चहासारख्या गडद रंगाची लघवी दिसल्यास फोनची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

येताना अलीकडचे वैद्यकीय अहवाल, सैल सुती कपडे, मागे न घसरणारे बूट आणि पाण्याची बाटली आणावी. जेवण झाले असल्यास दोन तासांचे अंतर ठेवावे. अगदी रिकाम्या पोटीही येऊ नये, एखादे केळे पुरते. वेळ बदलायची असल्यास आदल्या सायंकाळपर्यंत कळवावे.