डब्यावरचा वेग कुणाच्या नळीतला?

राही सरनोबतनं २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, तर कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य. दोन्ही प्रकारांत काडतूस एकाच जातीचं: .२२ लाँग रायफल (नावात रायफल असली, तरी पिस्तुलातही चालणारं). गोळी साधारण २.६ ग्रॅमची. काडतुसांच्या डब्यावर गोळीचा वेगही छापलेला असतो, समजा सेकंदाला १०७० फूट, म्हणजे ३२६ मीटर. तेच काडतूस पिस्तुलातून झाडून मोजलं, तर आकडा २८० मीटरच्या आसपास येतो. कोल्हापुरात रेंजवर नव्यानं येणाऱ्या पोरांना मग वाटतं, कंपनीनं फसवलं.

तसं नसतं. अमेरिकी मानकात .२२ ची चाचणी २४ इंची नळीतून होते. स्पर्धेच्या पिस्तुलाची नळी १५३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा लांब चालत नाही. काडतुसातल्या जळत्या दारूचा वायू गोळीला मागून रेटतो तो ती नळीत असेपर्यंतच. आखूड नळीतून गोळी लवकर सुटते आणि उरलेला दाब तोंडाशी आवाज करून वाया जातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळं वेगातली ही सातवा हिस्सा घट ऊर्जेत जवळजवळ चौथाई होते.

चाचणीची नळीही सगळीकडं सारखी नसते: ९ मिलिमीटरच्या काडतुसाला अमेरिकेत चार इंची चाचणी-नळी वापरतात, युरोपात १५० मिलिमीटरची. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतूनही वायू निसटतो. म्हणून डब्यावर वेगाशेजारी नळीची लांबी छापलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता वेग मोजणाऱ्या यंत्राकडं, म्हणजे क्रोनोग्राफकडं बघू. साध्या क्रोनोग्राफमध्ये दोन प्रकाश-संवेदक असतात. गोळीची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावर पडली की बंद. दोघांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर २८० मीटरच्या वेगाला लागतो सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग. हे अंतर एका मिलिमीटरनं चुकलं, तरी उत्तर जवळपास एक मीटरनं हलतं. यंत्र नळीच्या फार जवळ ठेवलं, तर गोळीऐवजी वायूचा लोटच घड्याळ चालू करतो. म्हणून ते तीनेक मीटर पुढं मांडतात. बंदिस्त रेंजमध्ये ट्यूबलाइटची लुकलुकही त्याला गोंधळात टाकते. शिवाय दारू तापमानाला दाद देते: डिसेंबरच्या पहाटे आणि मे महिन्याच्या दुपारी एकाच डब्यातल्या गोळ्यांची सरासरी सारखी येईलच असं नाही.

नेमबाजाच्या दृष्टीनं मात्र सरासरीपेक्षा तफावत जास्त महत्त्वाची. हवेचा रोध बाजूला ठेवून हिशोब करा. २८० मीटर वेगाची गोळी २५ मीटर जाईपर्यंत सुमारे ३.९ सेंटिमीटर खाली येते, २७० ची ४.२. फरक तीन मिलिमीटर, आणि अचूकतेच्या, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्यात पिस्तुलाच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. म्हणजे खपून जातं. ५० मीटर रायफलला ३२६ आणि ३१६ यांतला फरक सात-आठ मिलिमीटर होतो आणि तिथं दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. नेम मध्यापासून जरा ढळलेला असेल, तर तिथं दहाचा नऊ व्हायला एवढं पुरतं.

सरासरी कमी-जास्त असली, तर साइट (नेम धरायची खूण) फिरवून भागतं. गोळीगणिक वेग बदलत असेल, तर त्यावर साइटचा इलाज नाही. म्हणून मुरलेले नेमबाज डब्यावरच्या वेगाआधी लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, बघतात, त्या लॉटच्या दहा-वीस गोळ्या आपल्याच हत्यारातून झाडतात, सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतलं अंतर लिहून ठेवतात, आणि लॉट पसंत पडला की मोसमभराचा साठा त्याचाच घेतात.