न दिसणारा तडा आणि एडी करंट, थोडी पार्श्वभूमी

भोसरी-चाकणकडच्या एखाद्या शॉपमध्ये क्रँकशाफ्टची (इंजिनातल्या मुख्य दांड्याची) एमपीआय, म्हणजे मॅग्नेटिक पार्टिकल इन्स्पेक्शन, टेस्ट बघितली असेल तर ती लक्षात राहतेच. जॉब, म्हणजे तपासायचा तो भाग, मॅग्नेटाइझ करायचा, त्यावर लोखंडाचे बारीक चमकणारे कण मिसळलेलं तेल सोडायचं, पडदा ओढून यूव्ही दिवा लावायचा, आणि आत्तापर्यंत आरशासारख्या गुळगुळीत दिसणाऱ्या जागेवर केसाएवढी हिरवी रेघ उजळते. नखाला लागत नाही, नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण तडा आहे.

धातू न फोडता असा लपलेला तडा शोधायची ही विद्या एका माणसाने बसून शोधलेली नाही. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कुणालातरी काहीतरी नडत होतं, आणि त्या नडणाऱ्या गोष्टीतूनच पुढची पद्धत निघाली.

होकायंत्राचंच घ्या, लोखंड जवळ आलं की सुई भरकटते, जहाजावर ही डोकेदुखीच होती. इंग्लंडमध्ये 1868 च्या सुमारास सॅक्सबीने तेच वापरलं, लोखंडाच्या नळीला चुंबकत्व देऊन तिच्या कडेकडेने होकायंत्र फिरवायचं, जिथे सुई दचकली तिथे आत काहीतरी गडबड.

पण ही लोखंडापुरती गोष्ट झाली, तांबं-ॲल्युमिनियमचं काय? त्याचं मूळ त्याच्याही आधीचं. 1824 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अरागोला दिसलं की तांब्याची चकती आणि चुंबकसुई एकमेकांवर परिणाम करतात, खरंतर तांब्याला चुंबक चिकटतसुद्धा नाही. 1831 मध्ये फॅरेडेने कारण सांगितलं, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत करंट तयार होतो, नदीत भोवरे पडतात तसा गोल फिरणारा, म्हणून एडी करंट. तडा मधे आला की त्या करंटला वळसा घालून जावं लागतं आणि तो फरक ते क्षेत्र तयार करणाऱ्या कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) जाणवतो, बस एवढंच तत्त्व आहे.

1879 मध्ये डेव्हिड ह्यूजने याची तराजूच बनवली. दोन्ही बाजूला कॉइल, दोन्हीकडे एकेक नाणं, सिग्नल म्हणून घड्याळाची टिकटिक आणि ऐकायला टेलिफोनचा रिसीव्हर. नाणी सारखी असली की आवाज गप्प, एक जरी खोटं असलं की टिकटिक ऐकू यायची. दोनच वर्षांनी, 1881 मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती अंगात कुठे आहे ते शोधायला ग्रॅहम बेल अशीच तराजू घेऊन गेला. गोळी काही सापडली नाही, गादीतल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी सिग्नल बिघडवला. आजसुद्धा इन्स्पेक्टरचं अर्धं काम हेच असतं, हा सिग्नल तड्याचा की शेजारच्या भलत्याच धातूचा.

मधली बरीच वर्षं मी भरभर सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या आसपास विल्यम होकला मॅग्नेटिक चकवर (जॉब चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावर) ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कीस तड्याच्या रेषेवर गोळा झालेला दिसला, वरची हिरवी रेघ तिथून आली. 1928 मध्ये स्पेरीची रूळ तपासणारी गाडी रेल्वेच्या रुळांमधून करंट सोडून आतले दोष शोधत धावायला लागली.

खरा पाया घातला तो जर्मनीच्या फ्रिडरिश फोर्स्टरने, 1930 च्या दशकापासून. कॉइलचा सिग्नल तड्याने बदलतो तसा धातूच्या जातीने बदलतो, तापमानाने बदलतो, आणि प्रोब (धातूवर फिरवायची कॉइल) जरा वर उचलला तरी बदलतो, मग नक्की कशाने बदलला ते ओळखायचं कसं? त्याने सिग्नल नुसता किती मोठा ते न बघता तो कुठल्या दिशेने सरकतो तेही बघितलं, प्रोब उचलला की ठिपका एका बाजूला जातो, तडा आला की दुसऱ्या. 1948 मध्ये त्याने रॉयटलिंगेनला स्वतःची कंपनी काढली. आजच्या स्क्रीनवर जो ठिपका नाचतो तो मुळात त्याचाच विचार आहे.

हे कुठे लागतं? 28 एप्रिल 1988, हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं बोइंग 737, छोट्याछोट्या बेटांमधल्या फेऱ्या मारून 89,680 उड्डाणं झालेलं. पुढचं छप्पर हवेत उडून गेलं, 95 जणांपैकी एक हवाईसुंदरी गेली, विमान कसंबसं माउईला उतरलं. चढताना एका प्रवासी बाईने दाराजवळ भेग बघितली होती, बोलली नाही. पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटांच्या, ओळीत बारीक तडे जोडत जोडत गेले होते. त्यानंतर जुन्या विमानांची तपासणी खूपच कडक झाली, आणि आज हँगरमध्ये एडी करंटचा पेन्सिलएवढा प्रोब एकेका रिव्हेटभोवती फिरवतात, वरचा रंग न खरवडता.